पेनानं भरलेलं कोडं

परराज्यातल्या आमच्या रिसाली वसाहतीच्या मराठी वाचनालयात तो रोजच्या पेपरातलं शब्दकोडं थेट पेनानं भरतो. आयुष्यभर पोलादाच्या प्लांटात क्रेन चालवलेला माणूस. मी तीस वर्षं मराठी शिकवली, तरी घोळका त्याच्याच खुर्चीभोवती. कोड्याचा विषय स्वयंपाकघर असला की तो म्हणणार, “उलथनं! मी जिंदगीभर तेच करून राहिलो, फक्त आपली पोळी लोखंडाची होती.” सगळे हसतात. माझा जळफळाट होतो.

म्हणून मी सकाळीच फोनवर तोच पेपर उघडून, शब्दकोशातून उत्तरं शोधून, पाठ करून जाऊ लागलो.

नागपूरचा पेपर गाडीनं येतो. एकदा गठ्ठा एक दिवस उशिरा आला. टेबलावर कालचं कोडं आहे, हे मी पाहिलंच नाही. त्यानं “सात आडवा” म्हणताच मी ओरडलो, “भारद्वाज!”

सूचना होती, गळ्यातला दागिना.

सगळे माझ्याकडे बघू लागले. त्यानं पेन टेकवलं. “सर बरोबर हायेत. सोन्याचा भाव पायता आता पाखरूच बांधा लागते गळ्यात.” हशा पिकला. कधीही खाडाखोड न करणाऱ्या त्यानं पेनानं भारद्वाज लिहिलं आणि स्वतःचं कोडं बिघडवलं.

दुसऱ्या दिवशी मी पाठ केलेलं पक्ष्यांचं कोडं आलं. त्यानं सगळं भरलं, सात आडव्याचे चार चौकोन तेवढे कोरे ठेवले आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. “हे फक्त सरायले जमते.”

मी भारद्वाज लिहिलं. टाळ्या वाजल्या. पहिली त्याचीच होती.