जनीच्या लेकीची गोळी

पुण्याहून पहाटेची एसटी पकडली तेव्हा नवरा म्हणाला, "दहा दिवस कोकण! मजा आहे बुवा." मजा कसली डोंबलाची! मी नर्स. मंडणगडकडच्या कातकरी वाड्यांवर मुलांना जंताच्या गोळ्या द्यायला मदतीला चालले होते. ताम्हिणीच्या वळणांनी तिघांना ओकायला लावलं, त्यातली एक मी. म्हाप्रळच्या खाडीवर खारा वारा तोंडावर आला, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी गावच्या आशा कार्यकर्त्या सुजाताताई यांच्याबरोबर वाडीवर निघाले. रस्ता संपतो तिथून तासभर चढ, लाल माती, काजूला मोहोर. मी दर दहा पावलांनी थांबायची.

"सिस्टर, अशानं पावसाळ्यातच पोचू," सुजाताताई हसल्या.

पोचलो तर अर्ध्या झोपड्यांना कड्या. माणसं दिवाळीनंतर कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. गोळ्यांचा दिवस नेमका मधला. अनवाणी मातीत वावरणारी पोरं भट्टीवर, आणि त्यांच्या गोळ्या आमच्या पिशवीत! अशी चीड आली म्हणून सांगू.

होती त्या मुलांना गोळ्या चावून खायला लावल्या. जनी नावाची बाई लंगडत धाकट्याला घेऊन आली. त्याची गोळी झाली, तरी तिचा तळहात पुढेच.

"आता काय?"

"बायगीचा वाटा दे. माजी लेक. भट्टीवर हाय, बापासंगट."

"गोळी आमच्यासमोरच खायची असते. तशी नाही देता येत."

हात हलेना. सुजाताताईंनी समजावलं, वाडीत चिंबोऱ्या (खेकडे) धरल्या तरी घरी नसलेल्याचा वाटा काढतात. जनीने आतून डबी आणली. तिच्यात मागच्या खेपेची गोळी होती, ओल धरून भुगा झालेली. ती हिच्या हातात कुणी दिली, असं विचारलं तर सुजाताताई आभाळाकडे बघायला लागल्या.

गेल्या पावसाळ्यात बाप लावणीच्या कामाला तिकडेच राहिला, म्हणून लेक आलीच नव्हती. "माती खाती म्हनं ती. पांढरी पडलीय," जनी म्हणाली. "मीच गेली असती, पन ह्यो पाय मोडला. बाई, आता मला तिचा वासपन आठवंना झालाय."

तिने आम्हाला नाचणीची भाकरी आणि सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी) वाढली. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या, मान खाली घालून.

परतल्यावर आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी भट्टीकडच्या नर्सबाईंना फोन लावला. भट्टी माझ्या परतीच्याच वाटेवर होती. दहाव्या दिवशी माणगावच्या पुढे एका फाट्यावर उतरले. नर्सबाई थांबल्याच होत्या. आम्ही जंगलात अर्धा तास चाललो. धुराने डोळे चुरचुरत होते. लाकडं रचणाऱ्या बापाने हाक मारली आणि बायगी समोर आली. सात वर्षांची असेल. पापणी खाली ओढून पाहिली, आतून पांढरीफटक. नर्सबाई म्हणाल्या, "लोहाचं औषध मी देत राहीन."

गोळी बघताच पोरीने दात आवळले. समजावलं, दटावलं, काही उपयोग नाही. शेवटी मी म्हटलं, "अगं, मी तुझ्या आयकडून आलेय. तिने पाठवलंय मला."

तोंड लगेच उघडलं. गोळी कराकरा चावली, पाणी प्यायली आणि झोपडीत पळाली. मी खूश! एवढं सोपं होतं तर!

बाहेर आली ती बोचकं घेऊन. केसांवर पाण्याचा हात फिरवला होता. "चल," म्हणाली.

"कुठं?"

"आयकडं. तिनं पाठवलंय ना तुला न्यायला?"

बापाने तोंड फिरवलं. "भट्टी उतरून काम सरल्याबिगर न्हाय गं जायाचं," एवढंच तो म्हणाला. मी पिशवी उचलली आणि निघाले. फाट्यापर्यंत ती बोचकं घेऊन मागे येत होती. नर्सबाईंनी तिचा हात धरला तेव्हा मी एसटीत चढले. मागे बघायची हिंमत झाली नाही.

जंत जातील, औषधाने रक्तही भरेल. पण त्या पोरीला मी आईची आशा लावली आणि तशीच टाकून आले, याची लाज अजून जात नाही.

घरी पोचले तोच सुजाताताईंचा फोन आला. जनी त्यांच्या शेजारीच बसली होती.

"खाल्ली गोळी?"

"खाल्ली."

"मग बोलली का काय माजी बाय?"

"लाजली गं," मी म्हटलं. "काहीच बोलली नाही."