डस्टर उभा जातो का?

"'लवकरच' म्हणजे किती उंच?"

वरठाबाईंनी छापील कागदावर बोट ठेवून विचारलं. नव्या इलेक्ट्रिक गाडीचं बुकिंग आमच्या डहाणूच्या शोरूममध्ये सुरू झालं होतं. गाडी मात्र अजून आमच्यापैकी कोणीच पाहिली नव्हती. कंपनीने एक फोटो पाठवला होता, तोही अंधारात एका बाजूने काढलेला. त्याखाली तपशिलांचा तक्ता. रेंज, म्हणजे एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर, तर लवकरच. डिकी किती मोठी, लवकरच. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचं पोट यांच्यातलं अंतर, तेही लवकरच. पक्कं एवढंच, की रविवारपर्यंत टोकन भरणाऱ्यांना गाडी पहिल्या लॉटमध्ये मिळणार. बाकीच्यांना पुढच्या वर्षी.

मी वीसेक वर्षं गाड्या विकतोय. पण न पाहिलेली गाडी विकायची ही पहिलीच वेळ. तरी लोक येत होते. एका चिकूवाल्या बागायतदाराने तर रंगही न विचारता नाव लावलं, कारण शेजाऱ्याने लावलं होतं. वरठाबाई त्यातल्या नव्हत्या. तलासरीकडच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झालेल्या आणि त्यानंतर हट्टाने ड्रायव्हिंग शिकलेल्या.

"बाई, रेंज झकास असणार," मी म्हटलं.

"रेंज राहू द्या. खालून किती उंच, ते सांगा."

मग त्यांनी कारण सांगितलं. त्यांचे यजमान जानूभाऊ रेल्वेत इलेक्ट्रिकलमध्ये होते. गेल्या वर्षी त्यांची डावी बाजू गेली. आता काठी घेऊन चार पावलं टाकतात. आठवड्यातून दोनदा डहाणूला व्यायामासाठी आणावं लागतं. घर पाड्यावर, आणि पाड्याच्या तोंडाशी रस्त्याच्या मधोमध कातळ. ट्रॅक्टरने दोन्ही बाजूंच्या चाकोऱ्या खोल केल्या, मधला कातळ तसाच वर राहिला. रिक्षाचं पुढचं चाक नेमकं कातळावर येतं, म्हणून रिक्षा तिथेच थांबते. साध्या कारचं पोट घासतं. जीप आरामात जाते, पण तिची पायरी उंच. कशानेही न्या, जानूभाऊंना दोघांनी उचलावंच लागायचं.

"त्यांना ते सोसत नाही," बाई म्हणाल्या. "परवा उचलणाऱ्यांवर ओरडले. मेल्यावर खांदा देणारच आहात, आतापासून सराव कशाला करता?"

बाई हसल्या.

थोडक्यात, बाईंना बसायला कारसारखी बुटकी आणि कातळावरून जायला जीपसारखी उंच गाडी हवी होती. शिवाय विजेवरचीच. जानूभाऊंचं म्हणणं, सगळा जन्म विजेवर काढला, आता पेट्रोलची लाचारी कशाला!

आमचे मॅनेजर जिग्नेशभाई मागून ऐकत होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "अरे राऊत, सांगून टाक ना दोनशे मिलिमीटर! कोण मापायला येतंय?"

खोटं कशाला बोलू, माझी जीभ सवयीने दोनशेकडे वळलीच होती. पण बाई माझ्याकडे बघत होत्या. गृहपाठ न करणाऱ्यांची सगळी कारणं ऐकून झालेली ती नजर. मी म्हटलं, "बाई, मला माहीत नाही."

"मग तसं लिहा. त्याचे मार्क मी कापत नाही."

मी 'लवकरच' खोडून त्यावर पेनाने 'माहीत नाही' लिहिलं. जिग्नेशभाईंनी कपाळाला हात लावला.

शनिवारी वापीच्या एका हॉटेलात डीलर लोकांना नमुन्याची गाडी दाखवणार होते. मी ते बाईंना सांगितलं. तर शुक्रवारी बाई पुन्हा हजर. पिशवीतून त्यांनी लाकडी डस्टर काढला, फळा पुसून पुसून कडा झिजलेला.

"कातळावर काठी आडवी धरली आणि चाकोरीपासून काठीपर्यंत मोजलं. बरोबर उभा डस्टर भरतो. हा त्या गाडीखाली उभा जातो का, एवढंच बघा. गेला तर रविवारी नाव लावते."

वापीला दारातच फोन काढून घेतले. एकाच्या बॅगेत मेजर टेप निघाली, तीही ठेवून घेतली. माझ्या बॅगेतून सिक्युरिटीवाल्याने डस्टर काढला.

"ये क्या है?"

"डस्टर."

"किसलिए?"

"पोंछने के लिए."

डस्टरला बंदी नव्हती. जाऊ दिला.

गाडी दिसायला देखणी. सगळे आत बसून स्क्रीनशी खेळत होते. मी बुटाची लेस बांधायच्या निमित्ताने वाकलो आणि डस्टर उभा धरून गाडीखाली सरकवला. गेला! वर बोटभर जागाही उरली. मी खुशीत उठलो, तर समोर कंपनीची इंजिनिअर उभी. तिशीतली मुलगी, गळ्यात ओळखपत्र.

"सर, काय करताय?"

आता लपवून उपयोग नव्हता. कातळ, जानूभाऊ, डस्टर, सगळं सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "लाँचच्या आधी मी आकडा सांगू शकत नाही. डस्टरबद्दल मात्र मला काही सूचना नाहीत. पण सर, गाडी आता रिकामी आहे. माणसं बसली की ती खाली दबते. आणि हिच्या पोटात बॅटरी आहे. घासली तर नुसता पत्रा वाकत नाही."

वीस वर्षं ग्राउंड क्लिअरन्सचे आकडे घडाघडा सांगणाऱ्या मला हे कधी सुचलं नव्हतं. आकडा असतो रिकाम्या गाडीचा, आणि रिकामी गाडी कोणी चालवत नाही.

मी पाच जण गोळा करून गाडीत बसवले. माझ्याबरोबर आलेले जिग्नेशभाई सगळ्यांत वजनदार, म्हणून त्यांना मागे मधोमध बसवलं. डस्टर अडकला. मागचे तिघं उतरवले. पुन्हा सरकवला. वरून घासत, पण गेला. एव्हाना दहाबारा लोक गाडीभोवती उकिडवे बसले होते. त्यांनी टाळ्याच वाजवल्या. गाडीवरचा पडदा वर गेला तेव्हाही इतक्या वाजल्या नव्हत्या.

"फायनल गाडीत थोडा फरक पडू शकतो हं," इंजिनिअर म्हणाली. "वरही, खालीही."

संध्याकाळी मी बाईंना फोन केला. "पाच माणसं बसली तर अडकतो. दोघंच असाल तर घासून जातो. आणि खरी गाडी अशीच येईल याची खात्री नाही."

"दोघंच तर आहोत आम्ही."

"आणि पाहुणे आले तर?"

"पाहुण्यांना पाय आहेत."

रविवारी बाईंनी नाव लावलं. पुढचे कितीतरी महिने मला तो कातळ आठवायचा. एवढं खरं बोलूनही गाडी घासली, तर तोंड कुठे दाखवायचं?

गाडी आली त्या दिवशी जानूभाऊंना नेहमीसारखं उचलूनच जीपने आणलं होतं. हार, पेढे, फोटो झाले. बाई स्टिअरिंगवर, जानूभाऊ शेजारी, मागे मी आणि जिग्नेशभाई. तलासरी मागे टाकून पाड्याच्या तोंडाशी आलो आणि बाईंनी ब्रेक लावला.

"मागचे दोघं उतरा."

उतरलो. मी इस्त्रीच्या शर्टानिशी रस्त्याच्या कडेला आडवा झालो आणि चाकोरीच्या काठाशी गाल टेकवला. "येऊ द्या, बाई! सावकाश!"

गाडी आली. तिचं पोट आणि कातळ यांच्यात उजेडाची एक बारीक रेघ दिसत होती. खडूएवढी असेल. ती शेवटपर्यंत मिटली नाही. बघायला जमलेली पाड्यावरची सगळी माणसं एकदम ओरडली, त्यात मीही होतो. डोळ्यांत पाणी आलं. धूळ गेली असेल म्हणा.

आम्ही दोघं चढ चढून, घामाघूम होऊन अंगणात पोचलो. तोवर जानूभाऊ आपल्या आपण गाडीतून उतरले होते. काठी टेकत चार पावलं चालून ओट्यावर बसले होते. कोणी हातही लावला नव्हता. आम्हाला धापा टाकताना बघून म्हणाले, "काय साहेब, गाडी विकली तुमी, आणि चालत आले ते पण तुमीच?"

तेव्हापासून नव्या गाडीच्या तक्त्यात 'लवकरच' दिसलं की मी ते खोडून 'माहीत नाही' लिहितो. बुकिंग कमी होत नाही. आणि ग्राउंड क्लिअरन्स दाखवायचा असेल, तर आधी जिग्नेशभाईंना गाडीत बसवतो.