जोडवं

बाळांनो, शहापूरला आपल्याकडे दूध घालणारे एक गृहस्थ आहेत. त्यांच्या खिशात घडीची पक्कड असते, तिच्यातच चाकू आणि स्क्रूड्रायव्हर. कुकरचा दांडा आवळतानाही ते त्याला दटावतात, “बस रे, हलू नको.”

परवा मला पायाला गांधीलमाशी चावली. बोट सुजून निळं पडलं आणि जोडवं आत रुतलं. ते दूध घालायला आले, तेव्हा बोट जाईल या भीतीने मी त्यांना म्हणाले, “जोडवं कापून टाका.”

“आजोबा समोर धडधाकट बसलेत नि जोडवं कापू? नाय गो आजी.” त्यांनी पकडीच्या टोकाने ते अलगद फाकवून काढलं.

सूज उतरल्यावर त्यांनीच ते पुन्हा गोल केलं आणि तुमच्या आजोबांच्या हातात दिलं. “घालायचं काम तुमचं.”

आजोबा गुडघे धरत माझ्या पायाशी बसले. आभार मानायला मी वर पाहिलं, तर दूधवाले कॅन उचलून फाटकाबाहेर पोचले होते.