नानांचे सात हजार ब्रश

दुपारचं जेवण झालं की डोळे मिटू नयेत असं वृषालीला कितीही वाटलं तरी ते मिटतातच. बार्शीची दुपार, त्यात पोटात ज्वारीची भाकरी आणि डोक्यावर कुरकुरणारा पंखा. 'रूपरंग' फोटो स्टुडिओच्या आतल्या खोलीत ती संगणकासमोर बसली आहे, संगणकावर रेघा ओढायचं पेन हातात तसंच आहे, आणि पडद्यावरचे ब्रश एकेक करून पुसट होत चालले आहेत.

आता ब्रश म्हणजे केसांचे नव्हेत बरं का. फोटो दुरुस्त करायच्या सॉफ्टवेअरमधले. कुणाची उडालेली भुवई भरायची तर तिचा एक, साडीच्या काठाचा एक, आजोबांच्या दाढीच्या खुंटांचा एक. स्टुडिओचे मालक नाना ढग्यांनी चौदा वर्षांत असे सात हजार जमवले आणि मार्गशीर्षात, कुणाला काही न सांगता, गेले. वृषाली त्यांच्याच हाताखाली शिकलेली. पुण्याच्या एका कार्टून कंपनीत तिला नोकरी लागली आहे. एकदा तारीख पुढे ढकलून झाली; आता सोमवारी हजर झाली नाही तर ती जागा दुसऱ्याची. पण नानांच्या मुलीनं, सुनेत्राताईंनी, गळ घातली होती, "तेवढे ब्रश नीट लावून दे आणि जा बाई. तुझ्याशिवाय कुणाला कळणार ते?" नाही म्हणायला वृषालीची जीभ रेटली नाही.

आणि तिथंच घोडं अडलं. नानांचा नियम असा, की मूळ ब्रशला हात लावायचा नाही, कॉपी करायची. ब्रश कशाचा हे कळायला तो ओढून बघावा लागतो, ओढला की त्यात खोट दिसते, खोट काढली की एक कॉपी होते. तीन महिने ती आवरते आहे. सुरुवातीला सात हजार दोनशे होते, आज सात हजार नऊशे आहेत. हसावं की रडावं, तिला कळत नाही.

"मान अवघडंल. नीट बस की."

नाना शेजारच्या स्टुलावर बसले आहेत. पांढरा हाफ शर्ट, खिशाला चष्मा. ते गेले आहेत हे तिला ठाऊक आहे, आणि त्यांनाही ठाऊक असावं, कारण दोघंही तो विषय काढत नाहीत.

"नाना, बरं झालं आलात," ती म्हणते. "हा कशाचा ते सांगा. नाव नुसतं 'नवीन नवीन चार' आहे."

"असू दे. लागंल कधीतरी."

"आणि हा?"

"त्योबी लागंल."

ती वैतागून उठते, दार उघडते. बाहेर एसटी स्टँड आहे. पुण्याची गाडी लागली आहे, इंजिन चालू आहे. ती आत चढते. सगळी बाकं भरलेली, आणि एकालाही धड चेहरा नाही. कुणाला भुवई नाही, कुणाची हनुवटी पांढरी पडली आहे. कंडक्टरच्या जागी नाना. "यांचं झाल्याबिगर गाडी हलत न्हाई," ते अगदी नेहमीच्या आवाजात सांगतात. वृषाली पहिल्या बाईची भुवई भरायला घेते. बाईच्या दोन बाया होतात. दोघींनाही भुवई नाही. ती मागे वळते तर गाडीला दार उरलेलं नाही. खिडकीची काच सरकवते, तर पलीकडे पुन्हा तीच खोली, तोच पंखा.

"नाना, मला जायचंय हो," तिला रडू फुटतं. "सोमवारी जायचंय. हा काय पसारा बांधून ठेवलात माझ्या गळ्यात?"

"मी?" नाना चष्मा लावतात. आता ते दोघं डार्करूममध्ये आहेत. ती येण्याआधीच बंद झालेली, तिनं कधी न पाहिलेली ती खोली. तांबडा दिवा लागला आहे. "अगं, यातले निम्मे तुझेच की. ही पापणी बघ. तू आलीस त्या आठवड्यात केलेली. पापणी कसली, खराटा!"

ती बघते. खरंच खराटा आहे. रडता रडता तिला हसू येतं.

"मग टाकला का नाहीत?"

नाना चष्मा काढून शर्टाला पुसतात. "पोरगी हुशार हाय, आज ना उद्या जाणार, हे मला तवाच कळलं हुतं," ते म्हणतात. "म्हटलं, ती गेली तर तिच्या हातचं एवढं तरी राहील. म्हणून साठवत गेलो. वेडेपणाच. पण माझं सोड. तू कुणासाठी साठवतीस?"

वृषालीला उत्तर द्यायला लाज वाटते. तीन महिने एकेक ब्रश उघडून ती नानांनाच शोधत होती, आणि ते संपले तर काय, या भीतीनं वाढवत होती.

"तुमची फार आठवण येते, नाना."

"येणारच. त्याला काय करायचं?" ते मेजावरून खरा, केसांचा, बारीक ब्रश उचलतात. ओठांत धरून त्याला टोक काढतात, शाईत बुडवतात आणि तिचा डावा हात ओढून अंगठ्याच्या नखावर एक ठिपका देतात. "आधी हे असं असायचं. रंग जमला का ते नखावर बघायचं, फोटोला लावायचं, नख पुसून टाकायचं. मागं काय उरत नव्हतं. कामं तरीबी व्हायची."

"आणि मग?"

"मग घरी जायचं."

पेन फरशीवर पडतं आणि ती जागी होते. दारात सुनेत्राताई चहाचे दोन कप घेऊन उभ्या आहेत. "डोळा लागला होय? बरं झालं. किती राहिले गं?"

"सगळेच," वृषाली म्हणते. "ताई, मी उद्या निघते. ब्रश आहेत तसेच राहू द्या."

"अगं, पण त्यातलं तुलाच समजतं ना!"

"नाही समजत. इतके दिवस सांगायला धीर होत नव्हता."

सुनेत्राताई कप मेजावर ठेवतात आणि वडलांच्या स्टुलावर बसतात. "मला तरी ब्रशांचं काय पडलंय?" त्या हळूच म्हणतात. "तू येत होतीस, या खोलीत दिवा लागत होता, म्हणून थांबवत होते. जा तू. पोचलीस की फोन कर."

वृषाली मान डोलावते. कप उचलायला ती हात पुढे करते आणि थबकते. डाव्या अंगठ्याच्या नखावर काळा ठिपका आहे, अजून ओला. स्टुडिओत कित्येक वर्षांत शाईची बाटली आलेली नाही. ती नख ओढणीला पुसते. डाग ओढणीवर उतरतो. आता ही ओढणी धुवायची ती पुण्यालाच.