लहान्याचा शंख

आमच्या शेताच्या बांधाशी नाल्याने जमीन खोल कापली होती. काळ्या खडकाच्या मधोमध पांढऱ्या दगडाचा हातभर थर दिसे आणि त्यात शंख असत. गोगलगाईएवढे, पण पक्के दगडाचे. मी आणि माझा धाकटा भाऊ लहाना ते खिळ्याने उकरून काढायचो. एकदा त्याला असा एक सापडला, की भिजवून उन्हात धरला तर त्यावर हिरवा, जांभळा, तांबूस रंग फिरे, घासलेटाचा थेंब पाण्यावर पसरावा तसा. मी बदल्यात माझे वीस शंख देऊ केले.

"नाई देत," तो म्हणाला. "सुट्टीत घरी आला का पाह्यजो."

मी वर्ध्याला वसतिगृहात राहून शिकत होतो. त्याचा त्याला हेवा होता आणि मला तोरा.

त्या पावसाळ्यात लहाना तापाने गेला. निरोप पोचून मी घरी येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. माय एक शब्द बोलली नाही. दोन दिवसांनी मी परत वर्ध्याला. त्याच्या शंखाची मला आठवणसुद्धा झाली नाही, याची आजही लाज वाटते.

त्याच वर्षी आम्ही नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. माय पांढरं लुगडं नेसली होती आणि शपथा मोठ्याने म्हणत होती. मग दिवाळीच्या सुट्टीत घरी येऊन पाहतो, तर भिंतीतल्या देवळीत देव तसेच! मायबाप कापूस वेचायला गेलेले. घरात शिकलेला मीच, तेव्हा हे काम माझंच, असं मी ठरवून टाकलं. दोन टाक आणि शेंदराने थापलेले पाच-सहा गोटे टोपलीत भरले, धाम नदीच्या डोहावर गेलो आणि एकेक भिरकावला. प्रत्येक डुबुक आवाजाला माझी छाती फुगत होती. घरी येऊन देवळी सारवूनही काढली.

दिवस मावळता माय आली. रिकामी देवळी पाहून म्हणाली, "बरं केलं." मग तिने आत हात घातला, कोपऱ्यापर्यंत चाचपलं.

"अन् लहाना गोटा कुठं ठेवला?"

"सगळेच टाकले."

"तो लहान्याचा शंख होता रे."

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की त्याचा चांदीचा टाक करून देवांत बसवत. चांदी कुठली आणणार? मायने त्याचा शंखच बसवला होता, वर तेल-शेंदूर चढवला होता. मला तो ओळखू आला नाही. मी इतका घाबरलो, की सरळ भाषणच ठोकलं. "माय, आता आपण दगडाले देव मानत नाई. तूच तर शपथ घेतली."

"मी कुठं देव म्हणून ठेवला होता?" ती म्हणाली. "वेचणी झाली का शेंदूर धुवून तुले द्याचा होता. जातानी म्हणे, भाऊले देजो. तू आलता तवा माह्या तोंडातून शब्दच नाई निघाला."

आजवर मला कुणी इतकं मारलेलं नाही, आणि मायने तर हातही उचलला नव्हता.

उन्हाळ्यात धामेचं पाणी उतरलं. मी आणि माय डोहात कमरेइतक्या पाण्यात उतरून पायांनी तळ चाचपत होतो. बाप काठावर अवघडून उभा होता. आमची वस्ती नुकतीच देव सोडून मोकळी झालेली, येणारेजाणारे थांबून पाहत होते.

"बाहेर ये," तो हळूच म्हणाला. "लोकं म्हणतीन, बाई बुडवलेले देव शोधून राह्यली."

"म्हणू द्या," माय म्हणाली आणि आणखी दोन पावलं आत गेली. पाणी तिच्या छातीला लागलं. मी तिचा हात धरून ओढत होतो, आणि ती म्हणत होती, "थांब ना बाप्पा, इथंच असन."