आक्काच्या शपथेचं जेवण

निवृत्तीमामाला दमा होता हे सातपूरच्या आमच्या चाळीत सगळ्यांना माहीत होतं, आणि त्यावरचा इलाजही सगळ्यांनाच माहीत होता. मामाच्याच कारखान्यातला सहादू म्हणाला पेरूने कफ होतो, पेरू गेला. शेजारच्या गुलजारबी म्हणाल्या दही छातीत बसतं; दही गेलं. नाशकात राहून द्राक्षंही गेली. पथ्य सांगायला माणसं घर शोधत येत. ‘आता खा बाबा’ म्हणायला कुणी परत फिरकलं नाही.

मी घोटीची शाळा उरकून अठ्ठ्याहत्तर साली मामाकडे राहायला आलो आणि त्याच्याच कारखान्यात चिकटलो. मामा लेथवर होता, सात वर्षं टेंपररी. त्या उन्हाळ्यात कायम करायच्या यादीत त्याचं नाव लागलं. अट एकच, मेडिकल पास व्हायचं. वजन पंचेचाळीस किलो तरी हवं होतं. मामा बेचाळीस भरला, तेही बुटांसकट.

कारखान्याचे डॉक्टर भले होते. म्हणाले, “दमा गोळ्यांनी आटोक्यात आहे. पण अंगात ताकद नाही तुमच्या. काय खाता?”

“भाकरी, भात. मुगाचं पाणी. मीठ.”

“हे जेवण आहे की शिक्षा? एखादी वस्तू खाऊन खरंच धाप लागली असेल तर तेवढी सोडा. कशाने लागली?”

मामाने बराच वेळ आठवून पाहिलं. “ग्राइंडरच्या धुळीनं लागते साहेब. थंडीत धुरानं.”

“मग अंड्यांनी तुमचं काय घोडं मारलंय? दूध, अंडी, डाळी, फळं, सगळं खा. तीन आठवड्यांनी या.”

चाळीची पथ्यं मी त्याच संध्याकाळी मोडून काढली. मामाने मुकाट्याने डाळ घट्ट केली, द्राक्षं खाल्ली. दूध, अंडी आणि केळं मात्र हलेनात, कारण त्यांवर आक्काबाईची शपथ होती. आक्काबाई म्हणजे मामाची थोरली बहीण; आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. “माझ्या गळ्याची आण हाय,” अशी तिने घातलेली. अशी शपथ घालणाऱ्यानेच सोडायची असते. ती मोडली तर घालणाऱ्याच्या जिवावर बेततं, अशी आमच्याकडची समजूत. डॉक्टरचं तिथे काही चालत नाही.

रविवारी आम्ही एसटीने घोटी गाठली. आक्काबाई भात पाखडत होती.

“आक्का, शपथ सोड,” मामा म्हणाला. “नोकरीचा प्रश्न आहे.”

“तुझा दमा गेला का?”

“नाही, पण...”

“मंग पथ्य कमी पडलं म्हणायचं!”

मी मध्ये पडलो. “मावशी, डॉक्टर म्हणतात...”

“दागतराला काय, त्याचा भाऊ हाय का हा? याला रातभर मांडीवर घेऊन म्या बसले व्हते. तवा कुठं गेलता तुझा दागतर?” मग मामाकडे वळून म्हणाली, “आन् भात खातोस का रं अजून? लय थंड असतो भात. तोबी बंद. माझी आण हाय तुला.”

तीन पदार्थ सोडवायला गेलेलो आम्ही, चौथा गमावून परतलो. एसटीत मी मामाला नाही नाही ते बोललो.

मेडिकलच्या दिवशी मामा दोन तांबे पाणी पिऊन काट्यावर उभा राहिला. डॉक्टरांनी सदरा काढायला लावला. फासळ्या मोजता येत होत्या. काटा चव्वेचाळीसच्या जरा पुढे थांबला. डॉक्टरांनी तो दोनदा हलवून पाहिला, त्यांनाही वाईट वाटलं असावं. मग ‘सहा महिन्यांनी पुन्हा’ असा शेरा मारला. मामाच्या मागून कामाला लागलेला सहादू कायम झाला.

फाटकाबाहेर आल्यावर मी चिडून अर्धा डझन केळी घेतली आणि एक सोलून मामाच्या हातात कोंबलं. “खा. इथे कोण बघतंय?”

त्याने तोंडापर्यंत नेलं. थांबला.

“आक्का साठीची झाली रे,” म्हणाला. “तिला उद्या साधा ताप आला तरी मला झोप लागायची नाही.”

“आणि तुझं काय?”

“सहा महिने आहेत की.”

केळं माझ्या हातात देऊन तो दुपारच्या पाळीला परत आत गेला. टेंपररीला सुट्टी नव्हती.