धुरावरचा घास

लिफ्टच्या कंपनीत त्याला सगळे धुरांडे म्हणत. खरं आडनाव वेगळंच होतं, पण नव्याने लागलेली माणसं बरेच दिवस हेच खरं समजून चालत आणि फोनवर अगदी अदबीने "धुरांडेसाहेब आहेत का?" असं विचारत. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी तो कामावर आला की त्याच्या शर्टाला, केसांना, हातातल्या अवजारांच्या पिशवीलासुद्धा लाकडाच्या धुराचा वास असायचा. लिफ्टच्या बंद पेटीत चार जण त्याच्याबरोबर वर चढले की एकजण हमखास म्हणायचा, "काय धुरांडे, काल कोणाची धुलाई केलीत?"

"धुलाई नाही, धुराई," तो म्हणायचा. "डबा उघडल्यावर कळेल."

आणि डबा उघडला की खरंच कोणी बोलायच्या भानगडीत पडत नसे.

हा नाद त्याला लावला तो बायकोने. ती बसमध्ये कंडक्टर होती. अंगाने भरलेली, आवाजाने त्याहून. भरलेल्या बसमध्ये ती मागच्या दारातून ओरडली की पुढचा ड्रायव्हर दचकायचा. घरीही तिची भाषा तीच. नवरा स्वयंपाकघराच्या दारात घुटमळला की "पुढे सरका, पुढे जागा आहे," मुलगी न्हाणीघरात अडकून बसली की "चला, शेवटचा स्टॉप." खायची तिला मनापासून आवड होती आणि त्या आवडीची तिने कधी लाज बाळगली नाही.

दोघांचा एक शिरस्ता होता. पगार झाला की पहिल्या सुट्टीला स्टेशनामागच्या बार्बेक्यूच्या हॉटेलात जायचं. तिथे प्रत्येक टेबलाच्या मधोमध निखाऱ्यांची शेगडी बसवलेली असायची, वर जाळी, आणि वेटर कच्चं, मसाला लावलेलं मांस ताटात आणून द्यायचा. भाजायचं आपलं आपण. धुरांडे बाह्या सरसावून चिमटा हातात घ्यायचा आणि ती समोर बसून हुकूम सोडायची. बरगड्यांची जी कड निखाऱ्याला लागून काळपट, कुरकुरीत व्हायची, ती तिची. त्यावरून भांडणंही व्हायची.

"अहो, ती कड माझी. चिमटा ठेवा खाली."

"भाजतोय कोण?"

"भाजणाऱ्याने भाजावं. खाणाऱ्याचं नशीब वेगळं असतं."

एकदा त्या हॉटेलच्या मालकाने त्यांना मागच्या बाजूला नेऊन विटांची मोठी पेटी दाखवली. त्यात मेंढीचा अख्खा खांदा सकाळपासून नुसत्या धुरावर शिजत होता. मालकाने बोटांनी एक तुकडा ओढला, तो लोण्यासारखा सुटून आला. कंडक्टरबाईंनी तो तोंडात टाकला आणि डोळे मिटून घेतले. बसमधून घरी जाताना, त्या दिवशी तिचं स्वतःचं तिकीट दुसऱ्या कंडक्टरने फाडलं तेव्हासुद्धा, ती काही बोलली नाही. घराच्या पायऱ्या चढताना म्हणाली, "तुम्ही एवढ्या लिफ्टा चालवता. एक पिंप नाही का चालवता येणार?"

एवढं पुरलं. त्याने भंगारातून एक लोखंडी पिंप आणलं, आत जाळ करून आधीच्या तेलाचा मागमूस राहू दिला नाही, बाजूला निखारे टाकायला छोटं दार कापलं, आत जाळ्या बसवल्या, झाकणाला धूर सुटायला भोक पाडलं. मागच्या अंगणात, कपडे वाळत घालायच्या दोरीपासून लांब, ते उभं राहिलं. पहिल्या खेपेला मांस इतकं कडू झालं की शेजारच्या कुत्र्याने हुंगून तोंड फिरवलं. दुसऱ्यांदा बाहेरून कोळसा आणि आतून कच्चं. बायकोने ते तरीही चावून चावून खाल्लं आणि म्हणाली, "मार्ग बरोबर आहे. बस चुकीची पकडलीत."

हळूहळू हात बसला. लाकूड संत्र्याचं हवं आणि तेही पुरतं वाळलेलं, हे त्याला कळलं. झाकण सारखं उघडून बघायचं नाही, हे कळायला जरा जास्त वेळ लागला. सकाळी पिंप पेटवायचं आणि दिवसभर खुर्ची टाकून त्याच्याजवळ बसायचं. ती आत-बाहेर करत राहायची. मुलगी तोपर्यंत लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली होती, ती जावयाला घेऊन यायची. संध्याकाळी मांस बाहेर निघालं की पहिला घास बायकोचा. ती चावायची, थांबायची, सगळे तिच्या तोंडाकडे बघत उभे. मग ती मान हलवायची आणि ताटं पुढे सरकायची.

आपल्या आयुष्याला सुख म्हणावं असं त्याला तेव्हा कधी वाटलं नव्हतं. सुट्टीचा दिवस आहे, एवढंच वाटायचं.

तिला झटका आला तो चालत्या बसमध्ये. तिकिटं देता देता ती भलतंच काहीतरी बोलू लागली. शब्द शब्दात अडकत होते. बस भरलेली होती आणि तिच्या विनोदांची सगळ्यांना सवय होती, त्यामुळे लोक हसले. कोणीतरी तिच्यासारखंच बोबडं बोलून उत्तरही दिलं. ती दांडीला धरून उभी होती, एका बाजूने तोंड वाकडं झालं होतं, आणि बस हसत होती. ती खाली बसली तेव्हा कुठे एका बाईच्या लक्षात आलं. हे सगळं धुरांडेला नंतर ड्रायव्हरने सांगितलं. सांगताना तो ढसाढसा रडला. "मीपण हसलो हो," म्हणाला.

उजवी बाजू गेली. बोलणं जवळजवळ गेलं, दोन-चार शब्द उरले. पण सगळ्यात वाईट झालं ते गिळण्याचं. गिळण्याचे व्यायाम घेणारी एक तरुण बाई हॉस्पिटलात होती, तिने नीट समजावलं. घशातलं दार वेळेवर मिटत नाही. घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतो, तिथून फुप्फुसात. पाणीसुद्धा पावडर घालून दाट करूनच द्यायचं. बाकी सगळं मिक्सरमधून काढून, गुठळी न ठेवता, अर्धा अर्धा चमचा.

"आणि मांस?" त्याने विचारलं.

"नाही. तंतू असलेलं काहीच नाही."

त्याने नोकरीतून लवकर निवृत्ती घेतली. बारीक कामाची सवय होतीच, तो मिक्सरच्या कामातही तरबेज झाला. भाजी, भात, डाळ, सगळ्याचा लगदा. ती खुर्चीत उशीला टेकून बसायची, तो चमचा पुढे करायचा, मग तिच्या गळ्याकडे बघत राहायचा. गळा हलला की पुढचा चमचा. हिरवा लगदा, पिवळा लगदा. ती खायची, पण त्याच्याकडे बघायची नाही.

घरी आणल्यावर काही आठवड्यांनी त्याने एकदा पिंप पेटवलं. मुलगी येणार होती आणि त्याला वाटलं, खाता नाही आलं तरी वास तरी घेईल. तिला खुर्चीसकट अंगणात आणून बसवलं. धूर तिच्याकडे वळला तशी तिची मान वर झाली, डोळे चमकले. कितीतरी दिवसांनी तो चेहरा ओळखीचा दिसला. आणि तिच्या तोंडाला पाणी सुटलं. आपण सहज म्हणतो, तोंडाला पाणी सुटलं. तिला ते पाणीही गिळता येत नव्हतं. ठसका लागला, थांबेना, ओठ निळे पडले. मुलगी पोचली ती थेट हॉस्पिटलात.

"बाबा, हे आता बंद," ती बाहेरच्या बाकड्यावर म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "शपथ घ्या."

"बंद," तो म्हणाला.

बायको वाचली. घरी आली. आणि तिने मागायला सुरुवात केली. उरलेल्या शब्दांत एक शब्द 'दे' होता. दुपारच्या वेळी ती चांगला हात उचलून मागच्या दाराकडे दाखवायची आणि म्हणायची, "दे." आयुष्यभर त्याला अहो-जाहो केलं, आता 'द्या' म्हणायलाही जीभ वळत नव्हती.

"बरी हो आधी," तो म्हणायचा. "मग अख्खा खांदा करतो."

"दे."

"अगं, डॉक्टरांनी नाही सांगितलंय ना."

ती हात खाली ठेवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा. रागावून नाही, आपल्या स्टॉपची घंटी वाजवावी तशी, एकदा वाजवून ती वाट बघायची.

एकदा कंपनीतल्या जुन्या सोबत्याच्या निरोपाचं जेवण त्याच स्टेशनामागच्या हॉटेलात होतं. जायचं नव्हतं, पण मुलगी म्हणाली, मी बसते आईजवळ, जाऊन या. तो गेला. शेगडीजवळ बसला, पण मांस पोटात उतरेना. लवकर उठून घरी आला आणि तिच्या अंगावरची चादर नीट करायला वाकला. तिने त्याची बाही पकडली. नाकाशी नेली. निखाऱ्यांचा, चरबीचा वास त्या कापडात भरून राहिला होता. मग ती बाहीचं टोक तोंडात धरून चोखू लागली.

त्याने बाही सोडवून घेतली. घाबरून, पुन्हा ठसका लागेल म्हणून. जरा जोरानेच ओढली गेली. तिने डोळे मिटले आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. मुलगी दारात उभी होती. ती आत आली नाही.

त्यानंतर तिने मागितलं नाही. लगदाही नकोसा झाला. चमचा ओठाला लावला की ती ओठ घट्ट मिटायची. हिवाळ्याच्या तोंडी पुन्हा न्यूमोनिया झाला. काही खाल्लं नव्हतं तरी झाला. तिची स्वतःची लाळच फुप्फुसात उतरत होती, असं डॉक्टर म्हणाले. भर दुपारी, वॉर्डाच्या खिडकीतून स्वच्छ ऊन येत असताना ती गेली. तो तेव्हा खाली औषधांच्या दुकानात रांगेत उभा होता.

सगळं उरकल्यावर तो हॉस्पिटलात चाकाची खुर्ची आणि पावडरचे न उघडलेले डबे परत करायला गेला. ती गिळण्याचे व्यायाम घेणारी बाई व्हरांड्यात भेटली. तिला वाईट वाटलं, ते खरंच वाटलं. बोलता बोलता तिने विचारलं, "शेवटी शेवटी काही आवडीचं खाल्लं का त्यांनी?"

"नाही. तुम्हीच नको म्हणाला होतात."

"ते सुरुवातीला. सुधारणा होईल असं वाटत होतं तेव्हा." ती थांबली. "नंतर, आता फार दिवस नाहीत असं कळलं, की आम्हीच सांगतो घरच्यांना. मागतील ते घासभर द्या. जोखीम असते, पण समाधान असतं. तुम्हाला वॉर्डात कोणी सांगितलं नाही?"

"नाही."

"सांगायला हवं होतं," ती हळूच म्हणाली.

त्याने डबे काउंटरच्या खिडकीवर ठेवले. पावती हवी का, असं कोणीतरी विचारत होतं, त्याला की दुसऱ्याला हेही त्याला कळलं नाही.

हे त्याने मुलीला सांगितलं. तिने समजावून पाहिलं, "बाबा, दिलं असतंत तर ती तुमच्या हातावर गुदमरून गेली असती."

"तशीही गुदमरूनच गेली ना."

 

महिन्या-दोन महिन्यांनी मुलगी अचानक जेवायच्या वेळी आली तर तो टेबलाशी बसून चमच्याने हिरवा लगदा खात होता. दात धड होते त्याचे, सगळे. शेजारी मिक्सरचं भांडं. तिला वाटलं, तब्येत बरी नाही. मग ओट्यावर बघितलं, तर भात, भाजी, सगळं एकत्र वाटलेलं. "हे काय खाताय?" तिने विचारलं. "सवय झालीय," तो म्हणाला. आणि खाऊन झाल्यावर भांडं स्वच्छ धुऊन पालथं घातलं, बायकोसाठी घालायचा तसंच.

मुलीने हात टेकले नाहीत. पुढच्या सुट्टीला ती स्वतःच मेंढीचं मांस घेऊन आली आणि अंगणातल्या पिंपाचं झाकण काढलं. आत पावसाचं पाणी साचून गंज चढला होता. तिने घासलं, कोरडं केलं, निखारे पेटवले. बापाने कधी शिकवलं नव्हतं आणि आता तो शिकवणार नव्हता. तिने लाकूड भसाभस टाकलं असावं, धुराचे लोट उठले, वाळत घातलेले शेजाऱ्यांचे कपडे घाईघाईने आत गेले. ती दाराशी येऊन म्हणाली, "बाबा, या ना बाहेर. मला जमत नाहीये."

तो खिडकीशी बसला होता. उठला. तिला वाटलं, येतोय. त्याने खिडकी लावून घेतली आणि परत बसला.

संध्याकाळपर्यंत ती एकटीच पिंपाजवळ उभी होती. मग पायरीवर बसून ताटलीत थोडं घेऊन खाऊ लागली. मांस चिवट झालेलं असणार, ती बराच वेळ एकच घास चावत होती. मधेच हाताच्या मागच्या बाजूने डोळे पुसत होती, धुराने असेल किंवा नसेल. काचेतून त्याला सगळं दिसत होतं. दार चार पावलांवर होतं. आपली पोर बाहेर एकटी बसून जेवतेय, हे त्याला कळत होतं आणि तरी पाय उचलले गेले नाहीत.  तिने जाळी धुतली, निखाऱ्यांवर पाणी ओतलं, पर्स उचलली आणि "येते" म्हणून निघून गेली.

आता ती रोज फोन करते. "जेवलात का बाबा?" विचारते. तो म्हणतो, "जेवलो." काय जेवलात, हे ती विचारत नाही, आणि तोही तिला काही विचारत नाही. मग दोघांपैकी कोणीतरी एक फोन ठेवून देतं.